परवान्यावरची सायकल

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी महापालिकेचे निरीक्षक नागेंद्र वडगावातल्या जोतिरामच्या साडीच्या दुकानात आले आणि त्यांनी परवाना मागितला.

जोतिराम घाबरला नाही. व्यवसाय परवान्यांची तपासणी आठवडाभर गल्लोगल्ली चालू होती आणि परवाना नसला तर जागेवर सील, हे त्याने ऐकलं होतं. त्याच्याकडे परवाना होता. फ्रेम करून लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावलेला होता आणि दरवर्षी न चुकता त्याचं नूतनीकरणही होत होतं. त्याला काळजी दुसरीच होती. संध्याकाळी पाच वाजता खानापूरहून मालुबाई लेकाच्या लग्नाचा बस्ता बांधायला येणार होत्या. बेचाळीस साड्या. हातमागाच्या साड्यांचं एवढं मोठं गिऱ्हाईक दोन-तीन वर्षांतून एकदा येतं, आणि दुकान बंद दिसलं की तसंच पुढे खडेबाजारात जातं.

नागेंद्र बूट काढून फ्रेमसमोर उभे राहिले. त्यांना काही वाचता येईना. जोतिरामची बायको ताराबाई दर खंडेनवमीला मागाला, कात्रीला, गजाला आणि परवान्याला हळदकुंकू लावत असे. आठ वर्षांचे थर काचेवर साचले होते. नाव आणि व्यवसाय त्याखाली गेला होता. खालच्या बाजूला हार लोंबत असल्याने तिथे बोट पोचलं नव्हतं, म्हणून नंबर तेवढा शाबूत होता.

"थोडं पुसू का?" नागेंद्रनी विचारलं.

"पुसू नगासा," ताराबाई म्हणाली. "खंडेनवमीचं हाय ते. नंबर दिसतोय न्हवं?"

नागेंद्रनी नंबर टॅबमध्ये घातला. पडद्याकडे पाहिलं, मग साड्यांच्या मांडणीकडे, मग परत पडद्याकडे.

"परवाना चालू आहे. काही अडचण नाही. फक्त सायकली कुठं आहेत?"

"कसल्या सायकली वो?"

"नोडी, हे बघा, जोतिरामअण्णा. इथं लिहिलंय. परवानाधारक नागोजी. व्यवसाय, सायकली भाड्याने देणे."

जोतिरामला उलगडायला थोडा वेळ लागला. आठ वर्षांपूर्वी या जागेत दोन धंदे होते. पुढे नागोजीच्या सायकली, मागे जोतिरामच्या साड्या. परवाने दोन, आणि फ्रेमा एकाच दुकानातून केलेल्या, एकसारख्या. शेवटच्या खंडेनवमीला ताराबाईने दोन्ही एकाच पाटावर मांडून पुजल्या. पुढच्या आठवड्यात नागोजी दुकान हलवून पिरनवाडीला गेला. जाताना त्याने आपली फ्रेम नेली. निदान त्याला तसं वाटलं.

"म्हंजे आठ वरसं आपण नागोजीभावजींचा परवाना पुजला व्हय?" ताराबाईने विचारलं.

"आणि नूतनीकरण पण त्याचंच केलं," जोतिराम म्हणाला. "त्यो नंबर बघूनच तर करत हुतो."

नागेंद्र शांतपणे अडचण सांगू लागले. साडीच्या दुकानाला सील घालता येत नव्हतं, कारण या पत्त्यावर साडीचं दुकान यादीतच नव्हतं. सायकलच्या दुकानाला घालता येत नव्हतं, कारण त्याचा परवाना चालू होता.

"मग झालं की!" जोतिराम म्हणाला.

"कुठं झालं? शेवटी एक रकाना आहे. 'परवान्यातील व्यवसाय जागेवर आढळला का?' होय किंवा नाही. 'नाही' लिहिलं की लगेच सील. मी चार वाजता येतो. तोवर साडीचा परवाना दाखवा."

"आणि न्हाय सापडला तर?"

"तर मग सायकली दाखवा," नागेंद्र म्हणाले आणि बाहेर जीपमध्ये बसलेल्या आपल्या शिपायाला, मष्णूला, पुढच्या गल्लीत चल म्हणाले.

जोतिराम स्कूटरवरून पिरनवाडीला गेला. नागोजी दुकानातच होता. त्याच्याही दुकानात देवांच्या शेजारी हळदकुंकवाने माखलेली फ्रेम होती.

"त्यो माझा परवाना हाय रं, नागोजी."

"असंल. घिऊन जा," नागोजी म्हणाला. "पर मी काय कधी नूतनीकरण केलं न्हाय. मला वाटलं, एकदा काढला की काढला."

म्हणजे जोतिरामचा परवाना सापडला, पण सात वर्षांपूर्वी मेलेला. नागोजीचा परवाना जिवंत, पण वडगावात. जोतिराम डोकं धरून बाकड्यावर बसला आणि त्याने निरीक्षकांचं सगळं सांगितलं.

"एवढं काय लावून घ्यायलाईस?" नागोजी म्हणाला. "सायबाला सायकल पायजे न्हवं? ही घे. मागचं चाक तेवढं जपून, ट्यूब लई जुनी हाय."

"आणि माझी स्कूटर?"

"ऱ्हाऊ दे हितं. उद्या ये."

जोतिराम सात किलोमीटर सायकल मारत वडगावला आला. दोन वाजले होते. त्याने काठापदराच्या साड्यांची एक मांडणी मागे सरकवून सायकल दर्शनी भागात उभी केली. दुकानात नवीन वस्तू आली म्हणून ताराबाईने हँडलला हळदकुंकू लावलं.

"नीट ऐक," जोतिराम म्हणाला. "आजच्या दिवस आपलं सायकलचं दुकान. कोण बी इचारलं तर काय म्हणायचं?"

"भाड्यानं देतो म्हणायचं."

"बरोबर." एवढं बोलून तो मागच्या खोलीत मागाशेजारी आडवा झाला. पायांत गोळे आले होते.

चार वाजता नागेंद्र आले. चालत आले, कारण जीप दुसऱ्या प्रभागात पाठवली गेली होती. जोतिराम डोळे चोळत बाहेर आला. सायकलच्या जागी दोन चाकांचे ठसे होते.

"आगं, सायकल कुठं हाय?"

"भाड्यानं दिली की," ताराबाई म्हणाली. "तुम्हीच सांगितलासा. तासाभरात आणतो म्हणून एक जण घिऊन गेला."

"कोण?"

"नाव कशाला इचारू? बरा माणूस हुता. आक्का म्हणाला."

जोतिराम नागेंद्रकडे वळला. "साहेब, धंदा चालू हाय म्हणूनच सायकल न्हाय. ती हितं असती तर तुम्हीच म्हणाला असता, गिऱ्हाईकच न्हाय."

नागेंद्रनी यावर खरोखर विचार केला. "पण आढळली का? नाही आढळली," ते म्हणाले. "आणि 'नाही' लिहावं तर व्यवसाय चालू आहे." शेवटी ते गादीवर बसले आणि त्यांनी टॅब मांडीवर ठेवला. "सायकल परत आली की लिहितो. तसंही माझ्याकडची सीलची लाख संपली आहे. मष्णू आणायला गेलाय ऑफिसात."

"जीप तर न्हाय. कशावरनं गेलाय?" जोतिरामने विचारलं.

"इथंच कुठंतरी सायकल भाड्यानं मिळाली म्हणाला."

ताराबाईने नागेंद्रना चहा दिला.

पाच वाजता मालुबाई टेम्पो घेऊन आल्या. सहाला त्यांच्या बेचाळीस साड्या निवडून झाल्या. त्यांतल्या चार नागेंद्रना विचारून घेतल्या होत्या, कारण गादीवर तेच रिकामे बसलेले होते. गठ्ठे बांधून झाले तेव्हा मात्र नागेंद्रनी हात आडवा केला.

"बाई, निवडा, बांधा, पण नेऊ नका. अजून ठरायचंय. कागदावर हे सायकलचं दुकान आहे."

"मग मी इहिणीला काय सायकल नेसवू व्हय?" मालुबाई म्हणाल्या. "सातापर्यंत थांबते. मग खडेबाजार हाय आणि मी हाय. हितलं हितंच ऱ्हाऊ दे." आणि त्या गठ्ठ्यावरच बसल्या.

सहा वाजून वीस मिनिटांनी नागेंद्रचा फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"साहेब, लाख घेतली," मष्णू म्हणत होता. "पर सायकल पंक्चर झाली. मागचं चाक."

"मग काढून घे की पंक्चर."

"कुठं काढू? या रस्त्याला तीन दुकानं हायत पंक्चरची. तिन्ही आपण सकाळी सील केल्यात."

नागेंद्रनी त्याला सायकल ढकलत आणायला सांगितलं.

सहा वाजून पन्नास मिनिटांपर्यंत मष्णू पोचलेला नव्हता. बेचाळीस साड्या मालुबाईंच्या खाली होत्या, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि टॅबवरचा शेवटचा रकाना रिकामा होता.