शिवाअण्णांची फटफटी

शिवाअण्णांच्या फटफटीचं ॲव्हरेज विचारायचं नाही, हे आमच्या गल्लीत नव्या भाडेकरूला घरमालकाच्या आधी शेजारी सांगायचे. एकदा वीजबिल वाटणाऱ्या माणसानं सहज विचारलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरच्या गणपतीचं ॲव्हरेज किती, पावणं?"

"गणपतीचं?"

"व्हय. मखर, मोदक, आरास, वाजंत्री. लिटरला किती पडतोय?"

पुढच्या वेळी त्या माणसानं बिल लांबूनच उंबऱ्यावर फेकलं.

अण्णांचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान. ते आणि धाकटा भाऊ तमाण्णा, असं दोघांचं. घर लिंगायतांचं, आजोळ निपाणीकडचं. त्यामुळं त्या घरात भांडण मराठीत आणि लाड कानडीत चालायचे. अण्णांनी लग्न केलं नव्हतं. पांढरा लेंगा, नेहरू शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि त्याखाली काळा गॉगल. कुठल्याही चर्चेत त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "माझं एकच म्हणणं हाय. गप बसा."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गल्लीतली तरणी पोरं हलक्याफुलक्या, पेट्रोल हुंगून पळणाऱ्या गाड्यांवर भाळली होती. त्याच सुमारास अण्णांनी भंगारातून एक म्हातारी मोटारसायकल उचलली आणि उद्यमनगरात एका मिस्त्रीच्या शेडमध्ये नेऊन टाकली. वर्षभर ते दुकानात कमी आणि शेडमध्ये जास्त. त्यांना हवी होती तसली गाडी बाजारात मिळायची बंद होऊन जमाना झाला होता. टाकी हातानं ठोकून घेतली, पसंत पडली नाही म्हणून मोडून पुन्हा ठोकायला लावली. पुढचा दिवा पितळेचा, घंगाळाएवढा. सीट शिवली चपलांच्या कारागिरानं, खास कमावलेल्या कातड्याची. मुठींना हुपरीहून चांदीच्या कड्या करून आणल्या. एवढ्या पैशात नवी चारचाकी दारात उभी राहिली असती, हे कट्ट्यावर अण्णांनीच जाहीर केलं. कबुली म्हणून नव्हे, ऐट म्हणून.

कट्ट्यावरचे डेअरीवाले पाटीलमामा हळहळले. "शिवा, चारचाकी घेतली असतीस तर पावसात भिजला तरी नसतास की रं."

"भिजून इरघळाय मी काय गूळ हाय?"

"तसं न्हवं. पर उपयोग काय तिचा?"

"तुमच्या मिशीचा काय उपयोग हाय, मामा? दूध गाळता व्हय त्यातनं?"

मी विमा कचेरीतला माणूस. कुठलीही वस्तू दिसली की तिचा घसारा आधी डोळ्यांपुढे येतो. मीही एकदा विचारलं, "अण्णा, एवढे पैसे घालावेत असं आहे तरी काय तिच्यात?" त्यांनी मला मागं बसवलं, कात्यायनीच्या डोंगरापर्यंत नेलं, परत आणलं. छाती धडधडत होती, कान सुन्न झाले होते.

"कळलं?"

"नाही."

"मग ती तुमच्यासाठी न्हाय," असं म्हणून त्यांनी गाडी पुसायला घेतली.

काही वर्षं अशी गेली. गल्लीला फटफटीची सवय झाली, आणि तेवढ्यात अण्णांना दुसरं वेड लागलं. गाडीला साईडकार! पुन्हा उद्यमनगर, पुन्हा ठोकाठोकी. तयार झाली ती होडीसारखी. आत मऊ गादी, पाठीला लोड, आणि बाजूला अगदी जमिनीलगत उघडणारं दार.

या वेळी तमाण्णा भडकला. भर गल्लीत म्हणाला, "आता ह्यात कोण बसणार? तुला ना बायको, ना पोर! गुळाच्या ढेपा फिरीवणार हाईस व्हय?"

अण्णा काहीतरी तिखट बोलतील म्हणून आम्ही कान टवकारले. पण ते खाली बसून चाकाची धूळ पुसत राहिले.

त्याच आठवड्यात पुण्याहून एक शौकीन आला. जुन्या गाड्या जमवणारा, चकचकीत बुटांचा. गाडीभोवती फिरला आणि त्यानं जो आकडा सांगितला, त्यानं पाटीलमामांची मिशीसुद्धा थरथरली. तमाण्णाचे डोळे चमकले.

"इकून टाक, अण्णा. घातल्यालं सगळं निघतंय."

"इकायची न्हाय."

"मग उद्यापासनं दुकान येगळं. तू आणि तुझी फटफटी!"

दोघा भावांनी आजवर एका ताटात जेवण केलेलं. तेवढ्यात माडीवरच्या खिडकीतून आवाज आला. "तमा, थांब जरा."

ती निलाक्का. दोघांची थोरली बहीण. लहानपणी पोलिओनं पाय गेले, तेव्हापासून ती त्या माडीवर. आम्हा शेजाऱ्यांना ती आवाजानंच ठाऊक: खिडकीतून भाजीवाल्याशी घासाघीस करणारा, शाळेला निघालेल्या पोरांची नावं घेणारा आवाज. त्या दिवशी ती हातांवर भार देत, बसून एकेक पायरी खाली उतरली. तमाण्णा उचलायला धावला, तर त्याला हातानंच मागं सारलं. उंबऱ्यात बसून दम घेतला.

"गाडी त्येची हौस. साईडकार माझी. मीच सांगितलंतं त्येला."

तमाण्णा गोंधळला. "अक्का, फिराय पायजे हुतं तर मोटार घेतली असती की गं!"

"मोटार? मोटारीत मी कवा बसलो, सांग. मिरजेला ऑपरेशनला. परत मिरजेला. मग त्या सांगलीच्या वैद्याकडं. काचा वर करून, डोस्कं वडलांच्या मांडीवर. अजून मोटारीचं दार वाजलं की मला औषधाचा वास येतोय." तिनं अण्णांकडं पाहिलं. "मला वाऱ्यातनं जायाचंय. उघड्यावर, चारचौघांस्नी दिसत."

"मग हे आधी बोलायचं न्हाई व्हय?"

"मीच त्येला गप ऱ्हायला सांगितलंतं. लोकं कीव करत्यात. त्येला येडा म्हणलेलं त्येला चालतंय."

तमाण्णा पुणेकराकडं वळला. "पावणं, च्या घ्या आणि निघा."

दुपारीच निघायचं ठरलं. अण्णा म्हणाले, "जोतिबाला जाऊ."

"देव लई बघितले कॅलेंडरावर," अक्का म्हणाली. "मला माणसं बघायची हाईत. कागलच्या एमआयडीसीत पाळी सुटताना गर्दीत रस्ता दिसत न्हाय म्हणं."

अण्णांनी तिला उचलून गादीवर बसवलं, पदर नीट खोचून दिला आणि फटफटीला किक मारली. मागून माझ्या स्कूटरवर तमाण्णा आणि मी. हायवेला लागल्यावर अक्काचे पांढरे केस सुटून उडायला लागले. तिनं ते बांधले नाहीत. तमाण्णा माझ्या पाठीमागं एकदाच बोलला, "जरा जवळनं घ्या की, साहेब. तिचं तोंड दिसंना."

कारखान्याच्या फाटकासमोर अण्णांनी गाडी उभी केली. भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडायला लागली. सायकली, डबे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली पोरं, घाईनं एसटीकडं पळणाऱ्या बाया. अक्का दारावर कोपर टेकून बघत होती, जत्रेत पोरं बघतात तशी. एक कामगार बाई थबकली.

"मावशी, कुणाची वाट बघताय?"

"कुणाची न्हाय गं. फिराय आलोय."

ऊन उतरलं, गर्दी पातळ झाली. अण्णा गॉगल काढून वाकले आणि हळूच म्हणाले, "निघायचं, अक्का?"

"थांब की," अक्का म्हणाली. "अजून माणसं यायल्यात."