चौसष्ट रकान्यांचं इंजिन

वडगावातल्या ताणा गल्लीत एकूण चौसष्ट घरं आहेत आणि प्रत्येक घराला प्रत्येक बाबतीत मत आहे. याच गल्लीत, आईच्या मागशेडमध्ये, यंत्रमागांचा फिटर नागेंद्र याने सहा वर्षं खपून एक मोटारगाडी उभी केली होती. गाडी मूळची जुनी, तीन सिलिंडरची, चढ दिसला की खोकणारी. नागेंद्रने तिचं इंजिन उकललं, आत नवे पिस्टन घातले आणि एका मोडक्या डिझेल गाडीचा टर्बो आणून बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की पेट्रोल त्या मानानं सोडावं लागतं आणि ठिणगीही नेमक्या क्षणी पडावी लागते. ही दोन कामं कुणाच्या ताब्यात द्यायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

ठरवायला वेळ कमी होता. गाडीने शेडमधली दोन मागांची जागा सहा वर्षं अडवली होती आणि शालूबाईंनी, म्हणजे नागेंद्रच्या आईने, आता मुदत घातली होती. उचगावच्या माळावर दिवाळीनंतरच्या रविवारी पाव मैलाची शर्यत होती.

"त्या दिवशी पळाली तर ऱ्हाऊ दे तुझी गाडी," त्या म्हणाल्या होत्या. "न्हाय पळाली तर सोमवारी भंगारवाला, मंगळवारी माग. मग तोंड पाडून बसायचं न्हाय."

शालूबाई बोलतात ते करतात, हे नागेंद्रला लहानपणापासून पाठीवर ठाऊक होतं. आणि त्या गाडीवर त्याचा जीव होता. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याच्या नखात ग्रीस आहे.

खरं तर निर्णय त्याचा एकट्याचा. पण सायलेन्सरचं वेल्डिंग शेजारच्या भरमूनं फुकट करून दिलं होतं. समोरच्या बायाक्कांनी सहा वर्षं चहा पाजला होता. कुणी सीट दिली, कुणी आरसा, कुणी नुसतंच येऊन "हे असं नको, तसं कर" म्हणून वेळ दिला. तेव्हा सदर गाडी ही गल्लीची सामाईक गाडी आहे, असा ठराव गल्ली पंच कमिटीनं एकमतानं मंजूर केला. नागेंद्र त्या वेळी गाडीखाली असल्यामुळे त्याची गैरहजेरी नोंदवण्यात आली.

कमिटीचे अध्यक्ष मारुतीराव हे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कचेरी सुटली होती, टिपणी सुटली नव्हती. देवळासमोरच्या मांडवात त्यांनी सभा घेतली आणि विषय वाचला: "सदर वाहनाच्या इंधन व प्रज्वलन व्यवस्थापनाबाबत यंत्रणेची निवड करणे." मागं बसलेल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. विषय कळला नाही की टाळी वाजवावी, असा आमच्याकडे रिवाज आहे.

नागेंद्रने तीन पर्याय मांडले. पहिला, जुना कार्बोरेटर. स्वस्त आणि साधा. एका स्क्रूवर पेट्रोल कमीजास्त होतं.

"स्क्रू किती?" मारुतीरावांनी विचारलं.

"मेन असा एकच, आप्पा."

"एकच स्क्रू आणि चौसष्ट घरं? फिरवायचा कुणी?"

सभेत कुजबुज झाली. एकाच्या हाती स्क्रू जाणं लोकशाहीला धरून नाही, असा शेरा मारून पहिला पर्याय निकाली काढण्यात आला.

दुसरा पर्याय म्हणजे गाडीचा मूळचा, कंपनीचा कॉम्प्युटर तसाच ठेवायचा आणि वायरीत मध्ये एक छोटा डबा जोडायचा. कॉम्प्युटरला टर्बो ठाऊक नसतो. हा डबा त्याला सेन्सरचे आकडे बदलून सांगतो, म्हणजे तो फसतो आणि पेट्रोल जास्त सोडतो.

"म्हणजे वरच्याला खोटं कळवायचं?" मारुतीरावांचा चेहरा एकदम उजळला. "हे चांगलं आहे हो. छत्तीस वर्षं आम्ही दुसरं काय केलं?"

पण या कामाला एकच डबा पुरतो असं कळल्यावर त्यांचा उत्साह मावळला. उरलेल्या त्रेसष्ट घरांनी काय करायचं, असा शेरा मारून दुसराही पर्याय निकाली काढण्यात आला.

तिसरा पर्याय नागेंद्रच्या मनातला. स्वतः आकडे भरायचा स्वतंत्र कॉम्प्युटर. त्याने लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला. साडीच्या काठाचं डिझाइन ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढतात, तसाच तक्ता. आडवी इंजिनाची गती, उभा हवेचा दाब. इंजिन ज्या गतीला, ज्या दाबाला असेल त्या रकान्यातले आकडे बघून कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो आणि ठिणगी पाडतो. प्रत्येक रकान्यात दोनच आकडे: पेट्रोल किती, आणि पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी.

"रकाने किती?" मारुतीराव.

"आठ आडवे, आठ उभे. चौसष्ट."

मांडवात बोटांवर घरं मोजली गेली. मग भरमू उठून उभा राहिला आणि त्याने नागेंद्रला मिठी मारली.

तिसरा पर्याय दोन मिनिटांत मंजूर झाला. कारण म्हणून टिपणीत "तांत्रिक श्रेष्ठता" असं लिहिलं गेलं. प्रत्येक घराला एक रकाना, वाटप चिठ्ठ्या टाकून. नागेंद्रला आनंद झाला. हवा तोच कॉम्प्युटर मिळाला होता, आणि त्याचे स्वतःचे आकडे त्यात आधीच भरलेले होते. त्या आकड्यांवर इंजिन चालू करून त्याने एकदा गल्लीला ऐकवलंही. बायाक्का म्हणाल्या, "मांजर झोपल्यागत बोलतंय की रं."

दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापला रकाना बघितला आणि गल्लीची झोप उडाली.

बायाक्कांच्या वाट्याला वरचा डावा रकाना आला होता. इंजिन नुसतं उभ्या गाडीत फिरतं तेव्हाचा. तिथं पेट्रोल अगदी थोडं लागतं.

"सहा वर्षं चहा माझा," बायाक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, "आणि पेट्रोल वाटायची येळ आली की बायाक्काला चमचाभर? त्या भरमूला बघ, तांब्या भरून दिलायस!"

"आक्का, तिथं इंजिन गप उभं असतंय. जास्त लागतच न्हाय."

"लागत न्हाय म्हणून द्यायचं न्हाय व्हय? लग्नात आहेर लागतोय म्हणून देतात?"

भरमूचा रकाना खाली, जास्त दाबाचा. त्याला पेट्रोल भरपूर होतं, पण त्याचं दुःख वेगळं होतं. दाब वाढला की ठिणगी उशिरा पाडावी लागते, नाहीतर आतलं मिश्रण वेळेआधी भडकतं आणि पिस्टनवर घण बसतात. बायाक्कांच्या शेजारणीला तीस अंश, भरमूला सोळा.

"म्हणजे सगळी पुढं आणि मी मागं," भरमू म्हणाला. "वेल्डिंग करताना डोळं सुजलं माझं. तवा मी पुढं होतो न्हवं?"

नागेंद्रने समजावलं. मागं असणं म्हणजे कमी असणं नव्हे, प्रत्येकाची गरज वेगळी, म्हणून आकडा वेगळा. त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. फक्त स्वतःच्या रकान्याबाबत कुणालाच पटलं नाही. शेवटी मारुतीरावांनी परिपत्रक काढलं: कोणत्याही घरास शेजारच्या घरापेक्षा कमी इंधन असू नये, तसेच प्रज्वलनात कोणासही मागास ठेवू नये. दुरुस्तीसाठी लॅपटॉप तीन दिवस मांडवात ठेवण्यात येईल.

तीन दिवस रांग लागली. बायाक्कांनी चष्मा लावून एका बोटानं स्वतःचा आकडा तिप्पट केला. ते बघून शेजारणीनं चौपट केला. भरमू सोळावरून बावीसवर गेला, त्याच्या खालचा चोवीसवर. आपल्याला नक्की काय वाढवून मिळालं हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण वाढवून मिळालं म्हणून घरोघरी शिरा झाला.

शनिवारी नागेंद्रने इंजिन चालू केलं. मांजर उठून गेलं होतं. काळ्या धुरानं समोरच्या भिंतीवरचा चुना काळवंडला आणि बायाक्कांना ठसका लागला.

"आक्का, हा तुमच्या रकान्याचा धूर," नागेंद्र म्हणाला.

"माझा एवढा?" बायाक्का खोकत खोकत खुशीत म्हणाल्या. "बघा गं, म्हणत होते न्हाय मी?"

ठराव मोडून आकडे परत बदलायचे तर कमिटी बसवावी लागणार, आणि कमिटी बसायची ती सोमवारी. सोमवारी भंगारवाला. तरी नागेंद्रने रात्र काळजीत न घालवता शांतपणे विचार केला. पेट्रोल जास्त झालं तर धूर होतो, ताकद जाते, पण इंजिन आतून थंड राहतं. ठिणग्या लोकांनी पुढं नेल्यात खऱ्या, पण एवढ्या ओल्या मिश्रणात त्या पचतील. पाव मैल जाईल. खोकत जाईल, पण जाईल. त्याला मनातून हायसं वाटलं.

रविवारी अख्खी ताणा गल्ली टेम्पोतून उचगावच्या माळावर उतरली. शालूबाई लांब उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. पण आल्या होत्या. नागेंद्रने रेषेवर गाडी लावली आणि शेवटचं म्हणून लॅपटॉप उघडला.

चौसष्टावा रकाना त्याच्या स्वतःच्या घराचा होता. खाली, उजव्या टोकाचा. सगळ्यात जास्त गती, सगळ्यात जास्त दाब. त्याने त्याला हातही लावला नव्हता. पेट्रोल जेवढ्यास तेवढं, ठिणगी बारा अंशावर. बारा! डावीकडं चोवीस, वर सव्वीस, आणि गाडी ज्यानं बांधली त्याच्या घराला बारा. शर्यत संपली की कमिटी तक्ता छापून देवळात लावणार होती. आई रोज त्यावरून जाणार. गल्लीतलं सगळ्यात मागचं घर कुणाचं, तर नागेंद्रचं.

त्याने पेट्रोलला हात लावला नाही. लोकांसारखा हावरा आपण नाही, याचा त्याला अभिमान होता. ठिणगी तेवढी अठ्ठावीस केली.

झेंडा पडला. गाडी काळा धूर सोडत सुटली, गल्ली ओरडली, टर्बोनं शीळ घातली. भरमूचा रकाना आला आणि ओल्या पेट्रोलात कसाबसा पार पडला. गती वाढली, दाब वाढला. मग इंजिनात कुणी खिळ्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज झाला, आणि शेवटच्या खांबाच्या शंभर पावलं अलीकडं गाडी थांबली. मधल्या पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं.

चौकशी समिती जागेवरच नेमली गेली. तांत्रिक सदस्य नागेंद्र. त्याने कॉम्प्युटरची नोंद उघडली. इंजिन कोणत्या रकान्यात असताना मेलं, ते तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं: रांग आठवी, रकाना आठवा. लाजेनं त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"कुणाच्या घरामुळं झालं रं?" मारुतीरावांनी हळूच विचारलं. चौसष्ट घरं श्वास धरून उभी होती. प्रत्येकाला आपलंच नाव येईल असं वाटत होतं.

"कुणाच्या न्हाय, आप्पा," नागेंद्रने लॅपटॉप मिटला. "पेट्रोल खराब."

माळावरचं ओझं उतरलं. बायाक्कांनी कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं. पेट्रोल निपाणीच्या अलीकडचं की पलीकडचं, यावर थोडा वाद झाला. पण कुठल्याच राज्याचं मन दुखावू नये म्हणून "हद्दीवरचं पेट्रोल" असा शब्द घालून अहवाल एकमतानं मंजूर झाला. खाली चौसष्ट सह्या झाल्या.

सोमवारी भंगारवाला आला. गाडी उचलताना शालूबाईंनी विचारलं, "खरंच पेट्रोलच का रं?"

"व्हय," नागेंद्र म्हणाला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तिकडं बघायचं टाळलं. सहा वर्षं गेली होती, आणि रडायलाही तोंड उरलं नव्हतं.

तुम्हाला हसू येत असेल, तर हसा. ताणा गल्ली आहेच तशी. फक्त उद्या सकाळी नळाला पाणी आलं की पाणी ओढायला पाइपला जोडायची आपली ती छोटी मोटर एक दिवस बंद ठेवा, आणि शेजारच्या घरी पाणी किती चढतं ते बघून या. आम्ही थांबतो.