नववी टाळी

हेमचंद्र बाथरूमचं दार लावून टाळ्या वाजवत होता. हसू नका, गरज होती म्हणून वाजवत होता. आखातातल्या खोर फक्कान बंदराच्या ऑफिसातून एकालाच रॉटरडॅमला पाठवणार होते आणि त्यासाठी मंगळवारी डच भाषेची तोंडी परीक्षा होती. ही डच मंडळी दोन-तीन शब्द एकमेकांना चिकटवून एकच लांबलचक शब्द करतात. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, शब्दाचे उच्चाराप्रमाणे तुकडे करा आणि दर तुकड्याला एक टाळी द्या. आता व्हिसा हातात पडेपर्यंत कुणाजवळ ब्र काढायचा नाही, हा तर आपल्या लोकांचा कायदाच. म्हणून अल नहदा वस्तीतल्या फ्लॅटचं बाथरूम, आणि म्हणून कुजबुज.

"लेव्हन्सफरझेकरिंग्समाटस्खापै," तो कुजबुजला. म्हणजे आयुर्विमा कंपनी. आठ टाळ्या देऊन तो थांबला.

एक्झॉस्टच्या जाळीतून नववी टाळी आली.

हेमचंद्रानं बोटांवर मोजलं. नऊच तुकडे होते!

दुसऱ्या दिवशी जाळीच कुजबुजली, "हाव्हनआर्बैडर." बंदरातला कामगार. मागोमाग चार टाळ्या आल्या आणि सगळं शांत झालं. पाचवी हवी होती. हेमचंद्रानं ती दिली. न देऊन करतो काय बिचारा? खालच्या फ्लॅटमध्ये त्याच्याच ऑफिसातला परेश एकटा राहायचा.

"मृणालिनी, खालच्या फ्लॅटमध्ये कोणी आहे का गं?"

"परेशभावजी पुण्याला गेलेत ना, त्यांच्या आईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला! वॉचमनला विचार हवं तर."

"खाली है साब, दस दिन से लॉक है," वॉचमन म्हणाला.

"बाबा, दॅट्स सो क्रीपी," ईशानी म्हणाली. मृणालिनीनं जाळीला लिंबू-मिरची बांधली. टाळ्या येतच राहिल्या.

मंगळवारी परीक्षक बाईंनी नेमका तोच आयुर्विमावाला शब्द मोठ्यानं वाचला आणि टाळ्या देत त्याचे तुकडे पाडायला सांगितले. हेमचंद्रानं आठ टाळ्या दिल्या आणि त्याचे हात अडकले.

दाराबाहेरून नववी आली.

बाई खाली मान घालून लिहीत होत्या. "नाइन. परफेक्ट!"

हेमचंद्र धडपडत बाहेर आला. बाकावर परेश बसला होता, जोडलेले हात तसेच.

"अरे, तू पुण्याला ना?"

"रजा टाकून घरातच अभ्यास करत होतो रे, बाथरूमचं दार लावून." परेश पांढराफटक पडला होता. "म्हणजे माझ्या बाथरूममधलं भूत... तू? मेल्या, अभ्यासापुरता कसाबसा आत जातोय, आठ दिवस मी आंघोळ किचनमध्ये करतोय!"

"आणि तुझ्या आईंचं ऑपरेशन?"

"आई ठणठणीत आहे. परीक्षेचं तर पुण्यातल्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं."

आतून परेशच्या नावाचा पुकारा झाला. "खलास," म्हणत तो उठला आणि आत गेला.

जागा एकच होती. हेमचंद्र दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

"हाव्हनआर्बैडर," आतून बाईंचा आवाज आला. मग एक, दोन, तीन, चार. आणि शांतता.

हेमचंद्रानं डोळे मिटून घेतले, स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि हात बाहेर काढले.