हैबतराव शस्त्रवैद्यांचे रुग्ण सर्व क्षेम जाहले, त्याची हकिकत

श्रीधन्वंतरीचे चरणी मस्तक ठेवोन, आणि लाजेस घटकाभर देवडीवर बसवोन, हे वर्तमान लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, एका राज्यात पुरुषांस प्रोस्टेटचे कर्करोगाने ग्रासिले. पुरुषाचे मूत्राशयाखाली सुपारीएवढी ग्रंथी असते, तीस प्रोस्टेट म्हणतात. ती बिघडेतोवर आपणांस आहे हे थोर थोर सरदारांसही ठाऊक नसते. राज्यात शस्त्रवैद्य उदंड आणि जो तो म्हणे, माझाच हात हलका. तेव्हा महाराजांनी विसाजीपंत दफ्तरदारांस आज्ञा केली की, शस्त्रक्रिया जाहलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी, रोग गेला की राहिला, लघवी आवरते की गळते, शय्यासुख आहे की गेले, सर्व पुसावे, आणि कोणा वैद्याचा गुण किती हे रयतेस दाखवावे, म्हणजे उणा वैद्य शिकेल आणि रुग्णाचे कल्याण होईल. मसलत उत्तम होती. मसलती उत्तमच असतात. पुढे त्यांस माणसे लागतात, तेथे घोडे पेंड खाते.

पंतांनी दफ्तर उभे केले, संगणक मांडिले, कारकून नेमिले, आणि मग एक रीत घातली. त्या राज्यात वैद्याचे माघारी वैद्याची चौकशी करणे ही मोठी अमर्यादा. म्हणोन ठरले की, रुग्णास दफ्तरी बोलवावे, ज्यांनी चिरले त्या वैद्यराजांस लोडाशी बसवावे आणि मग प्रश्न करावा. हैबतराव शस्त्रवैद्य सर्वांत नामांकित. ते मिशीवर हात ठेवोन बसत, कारकून पुसे, "लघवी आवरते ना?" आणि रुग्ण हात जोडोन म्हणे, "वैद्यराजांचे कृपेने क्षेम." ऐसे सर्व क्षेम जाहले आणि हैबतराव पहिले आले. कसब्यातील नागोजी वैद्य मात्र रुग्णाचे घरी आपला माणूस एकटा धाडीत, आणि अमक्याचे गळते, तमक्याचे थांबले, जे कळे ते जसेच्या तसे दफ्तरी देत, आणि पुढील खेपेस हात सुधारीत. त्यांचा क्रमांक शेवटचा लागला आणि त्यांची ओसरी ओस पडली.

पुढे खुद्द पंतांसच तो रोग जाहला. पंत अर्थातच हैबतरावांकडे गेले. रोग गेला, परंतु लघवी गळू लागली. पंत धोतराआत फडक्याच्या घड्या बांधीत, भर मसलतीतून उठोन जात, आणि शिंक आली की कुलदैवत आठवीत. इतके होवोन दफ्तरी पाळी आली, तेव्हा काय बोलिले? क्षेम बोलिले! झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग पंतांचे धाकटे बंधू गिरमाजी यांस तोच रोग निघाला. वर्षामागेच त्यांनी दुसरे लग्न केले होते, संसार नवा होता. ते धावत आले आणि म्हणाले, "दादा, हैबतराव की नागोजी? तुम्ही भोगले आहे. मज खरे ते सांगा." "दफ्तर पाहा," पंत म्हणाले, "दफ्तरात आहे तेच खरे." गिरमाजींचा दादावर देवासारखा विश्वास. त्यांनी दफ्तर पाहिले आणि हैबतरावांकडे गेले.

काही मासांनी गिरमाजींस दफ्तरी बोलाविणे आले. हैबतराव लोडाशी होतेच. कारकुनाने गादी दाखविली, परंतु गिरमाजी गादीवर बसेनात, फरशीवर बसले. पंतांस कारण पुसावे लागले नाही. कारकुनाने प्रश्न केला आणि गिरमाजी खाली पाहोन म्हणाले, "वैद्यराजांचे कृपेने क्षेम."

तेव्हा पंत उठले आणि बोलिले, "वैद्यराज, आपण क्षणभर बाहेर व्हावे."

"हे दफ्तराचे रीतीत बसत नाही!" हैबतराव कडाडले.

"रीत मीच घातली, मीच मोडितो. उठावे."

हैबतराव पाय आपटीत गेले. पंत म्हणाले, "गिरमा, आता सांग. गळते काय?"

"दादा, तुम्ही आधी सांगा. तुमचे गळते काय?"

कारकून छताकडे पाहू लागले. पंत म्हणाले, "गळते. तू पुसावयास आलास, त्या दिवशीही गळत होते."

"मग ते समयी का नाही बोलिलात?"

"लाज वाटली रे."

"लाज तुमची होती, दादा," गिरमाजी म्हणाले, "भोगणे माझे जाहले." आणि उठोन गेले.

त्या दिवसापासोन वैद्यास बाहेर ठेवोन पुसण्याचा हुकूम सुटला, आणि मग जी तोंडे उघडली ती मिटेनात. हैबतराव पहिल्या क्रमांकावरोन तळास आले, आधी संतापले, आणि मग मुकाट्याने नागोजींचे शेजारी उभे राहोन त्यांचा हात पाहू लागले. महाराज प्रसन्न जाहले आणि त्यांनी भर दरबारी पंतांस शाल दिली. पंत ती घेवोन तैसेच धाकट्या बंधूंचे घरी गेले. आत दिवा होता, माणसे होती. दार उघडले नाही.

सारांश, दफ्तर शुद्ध जाहले, वैद्य शिकले, पुढील रुग्णांचे कल्याण जाहले. गिरमाजींस मात्र हे सर्व वरातीमागून घोडे. विसाजीपंतांस राज्याने शहाणे म्हटले. घरच्यांनी काय म्हटले, ते कोणी पुसले नाही.