करड्या कोटाच्या अस्तरातील मोहीम

कात्रीची दोन्ही पाती साक्षीस ठेवून, सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तैसा खरा मजकूर ओवून लिहिला जातो, तो ऐसा जे:

अखंडसूत्रधारिणी, सुईबहाद्दर, राजमान्य राजश्री मावशीसाहेब, कोट-पाटलोणी दुरुस्त करण्याच्या दुकानाच्या खुद्द मालकीण, यांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी मोठ्या नाट्यगृहाचा कपडेपट सर करावा ऐसी मसलत केली. तेथे परमुलखीच्या नाटक मंडळ्या येत, त्यांचे झगे उसवत, आणि उसवले कोठे हे त्या इंग्रजीतच सांगत. सबब कपडेपटाच्या मुख्य कारभारणीने इंग्रजीची तोंडी परीक्षा जिंकावी ऐसा दस्तूर होता. संधी तीन. पैकी दोन मावशीसाहेबांनी खर्ची घातल्या होत्या.

गनीम एकच. पूर्ण भूतकाळ. आणि त्याचे लष्कर म्हणजे क्रियाविशेषणे, जी कोणत्या खिंडीत दबा धरून बसतील याचा भरवसा नाही. पहिल्या स्वारीत मावशीसाहेबांनी ‘ऑलरेडी’ वाक्याच्या पार शेपटीस बांधला, दुसऱ्या स्वारीत ‘येट’ आघाडीस उभा केला, आणि दोन्ही वेळा सपशेल शिकस्त खाऊन घरी येऊन मुकाट्याने काज-बटणे केली.

मग कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या भाचीसाहेबांची कुमक मागवली. भाचीसाहेबांनी तीन आठवडे समजावले आणि अखेर हुकूम सोडला: एक गोष्ट घडली, आणि तिच्याही अगोदर दुसरी घडून चुकली, तर त्या अगोदरच्या गोष्टीस ‘हॅड’चे निशाण द्यावे, आणि ऑलरेडी, जस्ट, नेव्हर या तिघा सरदारांनी हॅड आणि क्रियापद यांच्या दरम्यान तळ द्यावा, आणि येट व बिफोर यांनी पिछाडी सांभाळावी, यात कसूर न व्हावी.

“अगं, पण हातातून गेल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही,” मावशी म्हणाल्या.

“मग शिवून टाक एकदाचं!” भाची वैतागून बोलली आणि गेली.

बोलली ती रागाने. मावशीसाहेबांनी ते फर्मान मानले.

परीक्षेच्या सकाळी टेबलावर एक करडा कोट पडला होता, डावे अस्तर उघडे, आतला कॅनव्हास दिसतो आहे. बाहेरचे कापड हे हॅड, अस्तर हे क्रियापद, आणि मधला कॅनव्हास, जो दिसत नाही पण कोटाला उभा धरतो, ते क्रियाविशेषण, ऐसा साक्षात्कार मावशीसाहेबांस जाहला. मग कागदाच्या पाच चिठ्ठ्या कापल्या, आणि त्यांवर पाचही शब्द लिहिले, आणि कच्च्या टाक्याने, म्हणजे जो सैल घालतात आणि मागाहून उसवतात तो, त्या कॅनव्हासवर टाचल्या, आणि घाईत टाचल्या, आणि मग करडा दोरा संपला म्हणून कोपऱ्यावर दोरा आणावयास गेल्या.

परतल्या तो टेबल रिकामे.

ऐशियास त्याअगोदर काय घडून चुकले होते ते आता सांगणे प्राप्त आहे, कारण इंग्रजांची रीतच ऐसी की पुढचे आधी सांगावे आणि मागचे मागाहून काढावे.

“करडा कोट कुठंय हो?”

“दिला की,” काका म्हणाले. काकासाहेब म्हणजे मावशीसाहेबांचे यजमान, इस्त्रीच्या तोफखान्याचे प्रमुख. “गिऱ्हाईक घाईत होतं. अस्तर उघडंच होतं, मशीन मारून बंद केलं. इस्त्रीही अशी कडक केलीय, की बघत राहशील.”

“कधी गेले ते?”

“आत्ताच.”

“आत्ताच म्हणजे कधी?”

“आत्ताच म्हणजे तू यायच्या आधीच!”

मावशी स्टुलावर बसल्या. “अहो, माझं अख्खं व्याकरण गेलं त्यात!”

“तरीच म्हटलं, काय करकरतंय,” काका म्हणाले. “मला वाटलं, भारीतला कॅनव्हास असेल.”

कोटामागे धावावे तर परीक्षेस अर्धा तास. मावशीसाहेबांनी छोटी कात्री पर्समध्ये घातली आणि कूच केले.

तिसरा मजला, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि पलीकडच्या खुर्चीत परीक्षकसाहेब विराजमान. अंगात करडा कोट.

परीक्षकसाहेबांनी पेन उचलले. करकर. त्यांनी खिडकीकडे पाहिले. कागद उलटला. करकर. त्यांनी उठून खिडकी बंद केली, आणि उठताना करकर आणि बसताना दुप्पट करकर. मावशीसाहेबांस पेच पडला. बोलावे तर परीक्षकाच्याच अंगात चिठ्ठ्या पेरल्याचा गुन्हा शाबीत होतो आणि कपडेपट कायमचा जातो. न बोलावे तर कच्चा टाका ठेवून कोट दुकानाबाहेर गेल्याची बदनामी, जी तीस वर्षांत एकदाही जाहली नव्हती.

तेवढ्यात सवाल आला, इंग्रजीतच: आज सकाळी काय घडले ते सांगा.

मावशीसाहेब उभ्या राहिल्या. उभे राहण्याचा नियम नव्हता. आणि तोफ डागली:

“बिफोर आय केम बॅक, माय हजबंड हॅड ऑलरेडी गिव्हन यू द कोट.”

परीक्षकसाहेबांनी चष्मा काढला.

“देअर वॉज पेपर इनसाइड. आय हॅड नॉट टेकन इट आउट येट.” आणि मग, दम घेऊन, कारण हे अब्रूचे वाक्य होते: “आय हॅड नेव्हर मेड सच अ मिस्टेक बिफोर. प्लीज गिव्ह मी द कोट.”

परीक्षकसाहेबांनी कोट उतरवला. छोट्या कात्रीने अस्तराची शिवण उसवली गेली, आणि पाचही चिठ्ठ्या इस्त्रीने चपट्या होऊन टेबलावर उजेडात आल्या, टाचल्या होत्या त्याच क्रमाने. आघाडीस येट. शेपटीस ऑलरेडी. जैसे मागील दोन स्वाऱ्यांत होते, अगदी तैसेच.

मावशींनी डोळे मिटले. परीक्षकांनी चिठ्ठ्या वाचल्या, मावशींकडे पाहिले, पुन्हा चिठ्ठ्या वाचल्या, आणि इतके हसले की चष्मा टेबलाखाली गेला.

“अहो बाई,” ते आता आपल्या बोलीवर येऊन म्हणाले, “हे बघून बोलला असतात तर गेलाच होतात. चिठ्ठ्या नापास. तुम्ही पास.”

“खरंच?”

“लिहून देतो. कोट द्या.”

“थांबा हो,” मावशी सुई काढत म्हणाल्या, “उघड्या अस्तराने कुठे निघालात? माझं नाव खराब होईल. बसा खाली.”

परीक्षकसाहेब बसले. पक्का टाका पडेपर्यंत बाहेर चार उमेदवार तिष्ठत राहिले.

येणेप्रमाणे पूर्ण भूतकाळाचा पाडाव जाहला, आणि तिघे सरदार आपल्या तळावर व दोघे पिछाडीस कायम जाहले, आणि कपडेपटाच्या किल्ल्या सुईबहाद्दर मावशीसाहेबांचे कमरेस लागल्या. काकासाहेबांस ताकीद दिली गेली की करकरणाऱ्या कोटास विचारल्याविना मशीन मारू नये. मग हा मजकूर मावशीसाहेबांस वाचून दाखवावा आणि त्यावर त्यांची सही घ्यावी, म्हणून कागद दुकानी नेला, तो मशीनवर खोळ होती आणि दोरा कापलेला होता. मावशीसाहेब नव्या कामावर आधीच निघून गेल्या होत्या.