साहेबांना घाबरवायचं ठरलं तेव्हा

"साहेब आपल्या रस्त्यावरून एकदा सायकल चालवू देत, शंभर पावलांत घाबरून ट्रॅक मंजूर करतात की नाही बघा!" असं मी रविवारी जेवायच्या टेबलावर डाव उगारून जाहीर केलं. डावातली आमटी ह्यांच्या शर्टावर सांडली. शुभशकुन, दुसरं काय!

त्याचं असं झालं. आमची लेक कॉलेजला सायकलने जायची. आमचा रस्ता म्हणजे गोदामांचा रस्ता. मालाचे ट्रक असे धावतात, जणू मागून त्यांची सासू येतेय. गेल्या महिन्यात एकाने लेकीला असा कट मारला की पोरगी सायकलसकट गटारात! गुडघा फुटला आणि एक चप्पल गेली ती गेलीच. त्याच संध्याकाळी ह्यांनी पॅसेजच्या छताला हूक ठोकला आणि सायकल उलटी टांगली.

"वेगळा ट्रॅक झाल्याशिवाय ही खाली उतरणार नाही."

तेव्हापासून लेक दोन बस बदलून जाते, रोज उशिरा पोचते आणि वर्गाबाहेर उभी राहते. घरात तोंड उघडते ते फक्त घास घ्यायला. पॅसेजमधून जाता-येता ती सायकलचं एक चाक फिरवायची. गर्रर्र. तो आवाज मला बाई ऐकवेना!

नगरपालिकेकडे यंदा एकाच ट्रॅकचे पैसे होते. आमचा रस्ता की तळ्याकाठचा, एवढाच प्रश्न. सायकल विभागाचे इंजिनिअरसाहेब दोन्ही रस्ते स्वतः सायकलने फिरणार आणि जिथे धोका जास्त तिथे ट्रॅक देणार. फक्त सायकल विभागाकडे सायकल नव्हती! मी लगेच आमची देऊ केली. गुलाबी, पुढे टोपली, हँडलला झिरमिळ्या. ट्रॅकसाठीच म्हणून ह्यांनी ती तेवढ्यापुरती हुकावरून उतरवली.

सोमवारी सकाळी मी ऐटीत गॅलरीत आले आणि बघते तर काय! रस्ता रिकामा! साहेब येणार म्हणून रात्रीतून खड्डे बुजवलेले, झाडून काढलेलं आणि सोमवार म्हणून गोदामं बंद! एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध पाय ताणून झोपलं होतं. एवढा सुरक्षित रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता.

"आता?" लेकीने विचारलं. महिन्याभरात ती आपणहून माझ्याशी बोलली ते एवढंच.

"आता मी आहे ना!" म्हणत मी फोन उचलला.

पहिला फोन धाकट्या दिरांना. त्यांचा वाळूचा ट्रक आहे.

"भावजी, जरा आमच्या रस्त्यावरून एक चक्कर मारता का? जोरात हॉर्न वाजवत."

"वहिनी, कुणाशी भांडण झालंय का?"

"पुतणीसाठी हो! नऊला या."

मग दादाला. माझा भाऊ ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. "दादा, तुझ्या सगळ्यात वाईट शिकणाऱ्यांना घेऊन ये."

"सगळेच वाईट आहेत गं. किती पाठवू?"

"सगळेच पाठव!"

मग पाण्याच्या टँकरवाल्या काकांना, मग फर्निचरवाल्याच्या टेम्पोला. आमच्या गोतावळ्यात कुणी वेळेवर आल्याचं ऐकिवात नाही, म्हणून प्रत्येकाला नऊचीच वेळ दिली. म्हटलं, मागेपुढे येतील आणि वाहतूक कशी छान विखुरलेली दिसेल.

नऊ वाजले. साहेब हेल्मेट घालून गुलाबी सायकलवर बसले, गुडघे कानांशी. घंटी वाजवली. ट्रिंग!

आणि सगळे एकदम आले!

आयुष्यात पहिल्यांदा सगळे वेळेवर! इकडून भावजींचा ट्रक, तिकडून टँकर, मध्ये दादाच्या तीन गाड्या. पहिल्या गाडीत एक आजोबा शिकत होते. समोर ट्रक बघून त्यांनी ब्रेक दाबला तो सोडलाच नाही. मागची गाडी त्यांच्यावर, टेम्पो आडवा, टेम्पोतलं कपाट रस्त्यात उभं. टँकरचा नळ सुटला. कुत्रं तेवढं उठून शहाण्यासारखं आमच्या जिन्यात येऊन बसलं.

"वहिनी, हॉर्न वाजवू का अजून?" भावजी ट्रकमधून ओरडले.

"नको हो!"

"ऐकू येत नाही!" असं म्हणून त्यांनी वाजवलाच.

या सगळ्यात आमचे हे स्कूटरवर, ऑफिसचा डबा गळ्यात. पुढे जाता येईना, मागे येता येईना. तिथूनच माझ्याकडे वर बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती नजर मला तोंडपाठ आहे. मी चटकन कुंडीतल्या झाडाला पाणी घालायला लागले.

"आई," लेक म्हणाली, "साहेब कुठेत?"

खरंच की! साहेब नव्हते. सायकलही नव्हती. आम्ही दोघी धावत खाली उतरलो. टँकरखाली वाकून बघितलं, गटारात डोकावलं, फर्निचरवाल्याने तर कपाट उघडून बघितलं.

शेवटी लेकीच्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, तुझ्या सायकलवरून एक काका आमच्या कॉलेजच्या गेटवर आलेत आणि चहा पितायत!"

आम्ही धावत गेलो. साहेब घामाघूम, खांद्यावर कुणाचा तरी ओला परकर.

"बाई, भयंकर रस्ता आहे!" ते म्हणाले.

"मग? ट्रॅक?"

"ट्रॅक कसला! एवढी अवजड वाहतूक असेल तर सायकलने तिथे जाऊच नये. मी सायकलबंदीची पाटी लावायला सांगतो. ट्रॅक तळ्याकाठी."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नुसता सायकलच्या सीटवर हात ठेवला.

तेवढ्यात हे स्कूटर सोडून पायी येऊन पोचले होते. ह्यांनी मात्र एक साधा प्रश्न विचारला. "साहेब, तुम्ही इथवर आलात कसे?"

"लाँड्रीच्या मागून बोळ आहे ना! एक सायकल जेमतेम जाते. कपडे वाळत असतात, तेवढी मान खाली घालायची."

हे तडक बोळात शिरले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. चष्म्याला साबणाचा फेस.

"इथून जा. रोज इथूनच," लेकीला म्हणाले. "आणि कुणाला सांगायचं नाही. चार लोकांना कळलं की बोळाचा रस्ता झालाच समज."

"प्रॉमिस बाबा!" आणि पोरगी चक्क त्यांच्या गळ्यात पडली!

मीसुद्धा मान हलवली. अगदी मनापासून हलवली होती हो!

पण दुपारी मला राहवेना. बिचारे माझ्या एका शब्दावर धावत आले, दोन तास अडकले, दादाच्या गाडीचा दिवा फुटला. माफी नको का मागायला? भावजींना फोन केला, दादाला केला, काकांना केला, टेम्पोलाही केला. आणि नुसती कोरडी माफी कशी मागायची? म्हणून आपलं बोलता बोलता सांगितलं, "पुन्हा कधी अडकलात ना, तर लाँड्रीच्या मागे एक बोळ आहे..."

दुसऱ्या दिवशी लेक गाणं म्हणत सायकलवरून निघाली आणि पाच मिनिटांत परत आली.

बोळाचं तोंड तेवढं जरा रुंद, त्यातच दादाच्या स्कूलची गाडी पाचरीसारखी अडकली होती. आत तेच आजोबा. ब्रेक दाबलेलाच. काचेवर कुणाचातरी लेंगा.

गाडी दोरीने ओढून काढली, ह्यांनी बोळाच्या तोंडाशी मधोमध खांब रोवला. आता तिथून फक्त सायकल जाते. लेक वर्गात वेळेवर पोचते, जेवताना एवढं बोलते की कान किटतात.

पॅसेजमधला हूक मात्र ह्यांनी काढला नाही. संध्याकाळी मी कुणाला काही सांगण्याच्या बेतात दिसले, की माझा फोन पिशवीत घालून तिथे टांगतात. माझा हात तिथवर पोचत नाही.