मुलाकडची माणसं

मेश्रामकाकांची एखाद्या इंग्रज माणसाशी ओळख झाली, की ते हवापाण्याचं बोलत नाहीत. क्षणभर त्याच्याकडे मायेनं बघतात आणि विचारतात, "तुमची माणसं बोटींतून उतरली, तेव्हा बायकामुलं सोबत होती का?"

ही बोटींची गोष्ट दीड हजार वर्षांपूर्वीची, इंग्रजांचे पूर्वज समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरले तेव्हाची. काका या बेटाच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या एका शिपयार्डात इंजिनिअर आहेत. तिथं जहाज तपासायला आलेल्या एका गोऱ्या सर्व्हेयरनं हा प्रश्न ऐकून आधी स्वतःचा पासपोर्ट चाचपला. दुसऱ्या दिवशी मात्र तो विचार करून आला आणि म्हणाला, असावीत बहुधा. काका खूश झाले. संध्याकाळी लिफ्टमध्ये मला म्हणाले, "बायकामुलं घेऊन आले म्हणजे नुसते लुटायला नाही आले जी. राहायला आले. एवढं एक बरं निघालं."

मी म्हटलं, "कुणाचं बरं निघालं काका?"

"मुलाकडच्यांचं."

आम्ही देशाबाहेर, क्लेमेंटी नावाच्या वस्तीत एकाच इमारतीत राहतो. आम्ही पुण्याचे, आठव्या मजल्यावर. काका नागपूरचे, आमच्या बरोबर वर. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा त्यांची मुलगी ओवी शाळेत होती. काकांनी तिला एकट्यानं वाढवलं. तिच्या वेण्या घालायला ते आमच्याकडे येऊन शिकले, आणि इंजिनिअर असल्यामुळे माझ्यापेक्षा घट्ट घालायला लागले. हीच ओवी पुढे इथल्या विद्यापीठात संशोधन करायला लागली आणि शेजारच्या टेबलावरच्या बेनच्या प्रेमात पडली. बेन इंग्लंडचा. उंच, लाजरा, जिन्यात भेटला तर भिंतीला चिकटून वाट देणारा.

चिनी नववर्षाच्या सुट्टीत ओवीनं काकांना सगळं सांगितलं. बेनचा इथला कामाचा पास वर्षाअखेर संपणार होता. दोघांना तिकडे उत्तर इंग्लंडमध्ये काम मिळत होतं. लग्न करून जायचं होतं, पण बाबा हो म्हटल्याशिवाय नाही, असं ओवीचं ठरलेलं. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चौकशी करतो."

आता यात वावगं काही नाही. मुलगी द्यायची तर चौकशी करतातच. काकांच्या वेळी त्यांचे सासरे न सांगता त्यांच्या गावात उतरले होते आणि दिवसभर पानठेल्यावर बसून विचारपूस करून गेले होते. जात सोडून सगळं विचारलं. "आमच्यात ते विचारत नाहीत," काका सांगतात. "विचारणाऱ्यांनी काय केलं ते आमच्या आजानं पाह्यलंय. माणसं कशी आहेत, ते पाहावं लागते."

अडचण अशी, की बेनला माणसंच नव्हती. आईवडील लहानपणीच गेले. आजीनं वाढवलं, तीही गेली. बहीण नाही, भाऊ नाही, चुलता नाही. गावात पानठेला असण्याचाही प्रश्न नव्हता. दुसरा कुणी बाप असता तर गप्प बसला असता. काका क्लेमेंटीच्या लायब्ररीत गेले आणि त्यांनी इंग्रज लोकांची चौकशी सुरू केली. सगळ्यांची, अगदी पहिल्यापासून.

"पहिल्यापासून कशाला?" माझ्या नवऱ्यानं, अभयनं विचारलं. "त्याची आजी काय करायची तेवढं बघा की."

"मधूनच सुरू केलं तर समजत नाही न जी. आणि पोरगी द्यायची आहे."

हे 'पोरगी द्यायची आहे' आम्ही मग वर्षभर ऐकलं. रविवारी सकाळी खालच्या हॉकर सेंटरच्या खाऊ-टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेताना काका आठवड्याभराचा अहवाल द्यायचे. राजांची नावं ते घेत नसत. घरातली माणसं ओळखावीत तशी ओळख ठेवायचे. दलदलीत लपून बसलेला आणि चुलीवरच्या भाकरी करपवून बाईची बोलणी खाल्लेला एक राजा होता, तो त्यांचा फार लाडका. "राजा असून ऐकून घेतलं त्यानं. वळण चांगलं आहे." डोळ्यात बाण लागून पडलेल्या राजाचं सांगताना त्यांनी कोपी तशीच ठेवली. पुढे फ्रेंच बोलणारे मालक आले आणि गरीब लोक शेतात आपली भाषा बोलत राहिले, हे कळल्यावर त्यांना बेनबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. त्या आठवड्यात त्यांनी त्याला दोनदा जेवायला बोलावलं. बेननं दोन्ही वेळा सावजी रस्सा घाम पुसत संपवला.

सहा लग्नं करणारा राजा अजून पुढेच होता, पण मला त्याची आतापासून धास्ती होती. तिथं हे स्थळ मोडतं, असं मी अभयला सांगूनही टाकलं. काका मात्र शांत होते. "असा एक काका सगळ्यांच्याच घरात राहते. बोलणीच्या दिवशी त्याला समोर आणत नाहीत, एवढंच."

एकदा अभयनं खोडी काढली. "ते आपल्याकडे येऊन बसले, तो भाग कधी येणार?"

"तो शेवटी," काका म्हणाले. "तो मला पाठ आहे, त्याला वाचावं लागत नाही. पण कोणाचं घर पाहायचं तर त्यांचं लहानपण आधी पाहावं. नंतरचे गुन्हे तर सगळ्यांनाच माहीत असतात." अभय सरबतातला बर्फ ढवळायला लागला.

कधी संध्याकाळी आम्ही वेस्ट कोस्ट पार्कला चालायला जायचो. समोर नांगरलेली जहाजं, दमट हवा, गवतावर पतंग उडवणारी पोरं. काका पाण्याकडे बघत हळू आवाजात सांगायला लागायचे. थंडी आहे. सगळीकडे धुकं आहे. बोटी वल्हवत येतायत, आत बायका बसल्यात, कुणाच्या मांडीवर बियाण्याची थैली, कुणाच्या मांडीवर पोर. किनाऱ्यावर कुणी ओळखीचं नाही. पोर विचारतंय, घर कुठं आहे, आणि आईला ठाऊक नाही. मला घाम निथळत असायचा आणि तरी अंगावर गारवा यायचा. जहाजांचे दिवे लागायचे, ते मला त्या लोकांच्या शेकोट्या वाटायचे. मग काका एकदम म्हणायचे, "आपणही असेच आलो न जी," आणि चपला झटकून उठायचे.

हे सगळं फार छान होतं, पण वर्ष चाललं होतं. ऑगस्टमध्ये, इथल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत ओवी आमच्याकडे आली आणि सोफ्यावर आडवी पडली.

"आंटी, बाबा स्टिल इन द प्लेग, लाह," ती इथल्या पोरांसारखं म्हणाली. "तीन आठवडे झाले. अर्धं इंग्लंड मेलं. बेन म्हणतो, मी सॉरी म्हणू का?"

"पुढे सरकतील गं."

"कधी? डिसेंबरमध्ये पास संपतो. मला त्यांच्या मनाविरुद्ध नाही जायचं, पण बेनला एकटं पाठवायचं नाहीये."

प्लेग एकदाचा संपला. काका भराभर पुढे आले. एका राजाचं डोकं उडालं, लंडन जळलं, वाफेची इंजिनं आली. इंजिनिअर माणूस, इंजिनांपाशी रमला, तरी आम्हाला धीर आला. आता दोनच शतकं उरली, असं ओवीनं बेनला कळवलंसुद्धा. आणि पुढच्याच रविवारी काका म्हणाले, "जरा मागे गेलो होतो. प्लेगमध्ये एक गाव राहून गेलं होतं."

माझं डोकं फिरलं. मी अभयला सरबत आणायला पिटाळलं आणि काकांना म्हटलं, "काका, बास. कुठलं गाव? पोरगी तिकडे झुरतेय आणि तुम्ही सातशे वर्षांपूर्वीची गावं मोजताय."

काकांनी कप बशीत नीट ठेवला. "पूर्ण गाव मेलं न जी. पण शेवटी एक कोणीतरी उरला असेल. सकाळी उठून तो बोलत कोणाशी असेल, ते कुठंच लिहिलेलं नाही. मी पुष्कळ शोधलं."

इतके महिने मी यांना विक्षिप्त म्हणून हसत होते. वर जिचा आवाज आहे ती गेल्यावर त्या फ्लॅटमध्ये काय उरेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"तुम्ही मुद्दाम लांबवताय," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "चौकशी कधीचीच झाली. पोरगा पहिल्यांदा जेवायला आला, त्यानं आधी माझ्या ग्लासात पाणी ओतलं, मग स्वतःच्या. तेव्हाच झाली. पण हो म्हटलं की ती जाते. म्हणून म्हटलं, अजून शंभर वर्षं घेऊ."

अभय सरबत घेऊन आला, तेव्हा आम्ही दोघं जहाजांच्या भाड्याबद्दल बोलत होतो.

पुढच्या रविवारी दुपारी काकांनी आम्हाला वर बोलावलं. रीतसर बोलणी करायची होती. त्यांनी बैठकीत दोन सोफे समोरासमोर लावले होते. बुद्धमूर्तीपुढे फुलं, मेणबत्ती, उदबत्ती. चिवडा त्यांनी स्वतः केला होता. ओवीनं साडी नेसली होती आणि तिला धड चालता येत नव्हतं. मी आणि अभय मुलीकडचे म्हणून तिच्या बाजूला बसलो. समोरच्या लांबलचक सोफ्यावर बेन एकटा, नवा कुर्ता घालून, गुडघ्यांवर हात ठेवून. त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या उशा होत्या. त्याच्याकडे बघून हसल्यावर पुढे बघायला दुसरं कुणी नाही. आम्हालाच अवघडल्यासारखं झालं.

काका चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. ट्रे टेबलावर ठेवला. आमच्याकडे एकदा बघितलं, समोर एकदा बघितलं. मग पलीकडे जाऊन बेनच्या शेजारी बसले.

"बाबा, राँग साइड," ओवी हळूच म्हणाली.

"बरोबर आहे. यांच्याकडून कोणीतरी पाहिजे न. त्यांची माझ्याइतकी ओळख इथं कोणाला आहे?"

बेनला मराठी कळत नव्हतं, पण तो जरा सरकून बसला. त्याचा खांदा काकांच्या खांद्याला टेकला. काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, घसा साफ केला आणि मुलाचा थोरला चुलता बोलेल तशा आवाजात मला म्हणाले, "आम्ही सगळं पाह्यलं. आम्हाला मुलगी पसंत आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

ओवीनं माझा हात घट्ट धरला होता. अभय छताकडे बघत होता. मुलीकडची मोठी मीच, उत्तर मलाच द्यायचं होतं, आणि मी दुसऱ्या हातानं ओवीचा पदर सारखा करायला लागले.

मग काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "घाई नाही जी. विचार करून सांगा. मुलगी फार लांब जाणार आहे तुमची."